ध्वनिमुद्रण करण्याआधी: खिशातल्या प्लेअरची सेटिंग्ज आणि शब्दांकनातल्या चौदा मोकळ्या जागा



या मालिकेत एरवी तुम्ही व्याख्यानं वाचता. आज व्याख्यान नाही. व्याख्यान तुमच्यापर्यंत पोहोचण्याआधी काय घडतं, त्याबद्दल आज बोलायचं आहे. कारणही तसंच आहे. पानशेतच्या पुराच्या आठवणी सांगणाऱ्या व्याख्यानाचं शब्दांकन वाचून अनेकांनी एकच प्रश्न विचारला: मधे मधे '(ध्वनी अस्पष्ट)' असं का लिहिलं आहे, आणि ते नेमकं महत्त्वाच्याच जागी का?

प्रश्न रास्त आहे. उत्तर असं की चूक आमची होती. वक्त्यांची नाही, सभागृहाची नाही आणि यंत्राचीही नाही. आमच्या छोट्या म्युझिक प्लेअरमध्ये ध्वनिमुद्रणाची दोन सेटिंग्ज चुकीची राहिली होती. बोलणाऱ्या बाई ऐंशी ओलांडलेल्या, निवृत्त शिक्षिका. १२ जुलै १९६१ च्या सकाळी त्या नदीकाठच्या पेठेतल्या वाड्यात होत्या. पाणी आलं तेव्हा कोण काय ओरडलं, कोणी कोणाला हाका मारल्या, हे त्यांनी व्यासपीठावर तसंच्या तसं करून दाखवलं. सभागृह स्तब्ध झालं होतं. घरी येऊन ऐकायला बसलो, तर नेमक्या त्या हाका फाटलेल्या. शब्दांकनात चौदा जागा मोकळ्या राहिल्या.

आपल्यापैकी बरेच जण स्वतः ध्वनिमुद्रण करतात. कोणी आजीच्या ओव्या, कोणी संस्थेचे कार्यक्रम, कोणी उन्हाळ्यातली व्याख्यानं. पुण्याला तर ही जुनीच सवय. न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तेव्हापासून हे शहर ऐकतं आहे. त्यातलं किती आवाजाच्या रूपात उरलं, हा वेगळा प्रश्न. तेव्हा आमच्याकडून जे शिकायचं राहून गेलं होतं, ते आज क्रमाने सांगतो. प्लेअर असो, रेकॉर्डर असो की मोबाईल, मेनूतली नावं थोडी बदलतात, मुद्दे तेच राहतात.

आवाज कुठून घ्यायचा: सोर्स

मेनूतलं पहिलं सेटिंग 'सोर्स'. म्हणजे आवाज कुठल्या वाटेने आत येणार. बहुतेक प्लेअरमध्ये आतला माईक आणि एफएम रेडिओ एवढेच पर्याय असतात. सॅन्डिस्कचा सॅन्सा क्लिप प्लस त्यातलाच. काहींना, उदाहरणार्थ जुन्या आयरिव्हर एच १२० ला, 'लाईन-इन' असतं.

आतला माईक वापरणार असाल तर सगळं अंतरावर आहे. अंतर दुप्पट झालं की थेट येणारा आवाज सहा डेसिबलने कमी होतो, म्हणजे त्याची उंची निम्मी होते. एका फुटावरून आठ फुटांवर गेलात तर तीनदा दुप्पट, म्हणजे अठरा डेसिबल गेले. पंख्याचा आवाज, भिंतींवरून येणारा घुमारा आणि शेजारच्या खुर्चीची कुरकुर मात्र तेवढीच राहते. गेन वाढवला की दोन्ही वाढतात. म्हणून तिसऱ्या रांगेत मांडीवर प्लेअर ठेवून गेन वाढवण्यापेक्षा, परवानगी घेऊन तो व्यासपीठावरच्या टेबलावर, रुमालाची घडी घालून त्यावर ठेवलेला बरा. रुमाल अशासाठी, की टेबलावर बोटं वाजली किंवा पाण्याचा पेला ठेवला तर तो धक्का थेट माईकपर्यंत जाऊ नये.

लाईन-इन असेल तर साऊंडवाल्यांना विनंती करून मिक्सरमधून वायर घेता येते. इथे एक फरक लक्षात ठेवायचा. माईकमधून येणारा विद्युतदाब काही मिलिव्होल्टचा असतो, लाईनचा त्याच्या कितीतरी पट. मिक्सरची लाईन माईकच्या पिनेत खुपसली आणि सोर्स 'माईक' राहिला, तर आवाज आत शिरतानाच फाटतो. मग पुढे लेव्हल कितीही खाली आणा, उपयोग नाही.

किती बारीक ऐकायचं: सॅम्पलिंग रेट

आमची पहिली चूक इथे होती. प्लेअर 'लाँग प्ले'वर होता. ऐकायला छान वाटतं, जास्त वेळ मावतं. प्रत्यक्षात त्याचा अर्थ सेकंदाला ८,००० नमुने. डिजिटल ध्वनिमुद्रणाचा नियम असा, की जितके नमुने घ्याल त्याच्या निम्म्या कंपनसंख्येपर्यंतचाच आवाज पकडता येतो. ८,००० नमुने म्हणजे वरची मर्यादा ४,००० हर्ट्झ. साध्या टेलिफोनची हीच तऱ्हा होती. फोनवर नाव सांगताना आपण 'स, सशाचा स' असं सांगतो, ते उगाच नाही. 'स'च्या सीत्काराचा मोठा भाग ४,००० हर्ट्झच्या वरच असतो.

मराठीत हा प्रश्न आणखी बारीक आहे. 'जरा थांबा' मधला 'जरा' आणि म्हातारपण या अर्थाचा 'जरा' आपण लिहितो सारखेच, उच्चारतो वेगळे. 'चहा'तला 'च' आणि 'चाका'तला 'च' यांचंही तेच. हा फरक जिभेच्या घर्षणाचा आहे, आणि घर्षणाची ओळख वरच्या पट्टीत असते. लिपी हा फरक दाखवत नाही, तो फक्त आवाजात असतो. तोही गाळला तर पुढे कोणी त्या भागातल्या बोलीचा अभ्यास करायला बसलं, तर त्याच्या हाती काय लागणार?

म्हणून ४४,१०० हर्ट्झ ठेवा. सीडीचा हाच दर. ऐकू येणारी वरची मर्यादा साधारण २०,००० हर्ट्झ, म्हणजे त्यात सगळं बसतं. भाषणासाठी ९६,००० वगैरे लावून फाईल फुगवण्याची गरज नाही.

एक की दोन: चॅनेल

एक माणूस बोलतो आहे, एक माईक आहे, तर मोनो पुरे. जागा निम्मी लागते. परिसंवाद असेल, दोन बाजूंना दोन माईक असतील, तर स्टिरिओ उपयोगी पडतो, कारण कोण कुठून बोललं ते नंतर ऐकताना कळतं.

इथे एक खड्डा आहे. आम्ही त्यात पडलो, पण सुदैवाने घरच्या चाचणीत. मिक्सरचं 'बॅलन्स्ड' आउटपुट तीन टोकांच्या पिनेतून येतं. त्यात एकच आवाज दोन तारांवर, पण एकमेकांच्या उलट जातो. ती पिन प्लेअरच्या स्टिरिओ भोकात घातली की डावीकडे आवाज सुलट येतो, उजवीकडे उलट. हेडफोनवर ऐकताना जरा विचित्र वाटतं, पण ऐकू येतं. आणि मग 'मोनो: डावा अधिक उजवा' असं सेटिंग केलं, की सुलट आणि उलट मिळून बेरीज जवळजवळ शून्य. दोन तासांची फाईल, आत शांतता! उपाय सोपा आहे. काही यंत्रांत 'मोनो मोड' असतो, त्यात फक्त 'डावा' निवडायचा. तो नसेल तर स्टिरिओतच मुद्रण करायचं आणि घरी येऊन एक बाजू ठेवायची.

कशात साठवायचं: फॉरमॅट

हिशेब करू. ४४,१०० नमुने, प्रत्येक नमुना १६ बिट म्हणजे दोन बाईट, मोनो. सेकंदाला ८८,२०० बाईट. तासाला सुमारे ३१८ एमबी. स्टिरिओ केलं तर ६३५ एमबी. हे झालं न दाबलेलं, म्हणजे वेव्ह फाईलचं गणित. तेच १२८ केबीपीएसच्या एमपीथ्रीमध्ये तासाला ५८ एमबीच्या आत बसतं.

मग वेव्ह कशाला? एमपीथ्री जागा वाचवतं ते कानाला फारसं जाणवणार नाही असा तपशील टाकून देऊन. एकदा टाकलेला तपशील परत येत नाही. शिवाय नंतर आवाज स्वच्छ करून, कापून पुन्हा एमपीथ्री केलं, की दुसऱ्यांदा गाळणी लागते. आज ८ जीबीच्या कार्डावर मोनो वेव्हचे पंचवीस तास मावतात. काटकसर करावी अशी ही जागा राहिलेली नाही. मूळ प्रत वेव्हमध्ये, पाठवायची प्रत एमपीथ्रीमध्ये, हा आमचा नियम.

एक मर्यादा मात्र माहीत असावी. वेव्ह फाईलमध्ये आकार लिहिण्याची जागा ठरलेली असते, त्यामुळे ती ४ जीबीच्या पुढे जात नाही. मोनोला ही मर्यादा तेरा तासांनी येते, म्हणजे काळजी नाही. पण ९६,००० हर्ट्झ, २४ बिट, स्टिरिओ असा थाट केला तर दोन तास चार मिनिटांतच भिंत लागते, आणि आभारप्रदर्शनाच्या आधी यंत्र थांबू शकतं.

सगळ्यात महत्त्वाचं: लेव्हल

आता आमची दुसरी चूक, आणि ती मोठी.

आपल्याकडे कार्यक्रम कसा सुरू होतो? दीपप्रज्वलन, प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय, शाल-श्रीफळ, आणि मग व्याख्यान. त्या दिवशी प्रास्ताविक करणारे गृहस्थ माईकपासून हातभर लांब उभे राहून हळू आवाजात कागद वाचत होते. मीटर जेमतेम हलत होतं. आम्ही गेन वाढवत नेला आणि 'झालं आता' म्हणून निश्चिंत बसलो. मग बाई उभ्या राहिल्या. चाळीस वर्षं वर्गात शिकवलेला आवाज, त्यात माईक तोंडाजवळ. पहिल्या मिनिटापासून मीटर टोकाला लागलं होतं. आम्ही मात्र बाईंकडे बघत होतो, मीटरकडे नाही.

डिजिटल यंत्रात सर्वांत वरचा आकडा शून्य डेसिबल. त्याच्या वर काही लिहिताच येत नाही. आवाजाची लाट त्याहून उंच आली तर तिचा माथा सपाट कापला जातो. याला क्लिपिंग म्हणतात, आपण 'आवाज फाटला' म्हणतो. मोजपट्टी संपल्यावर उंची मोजावी तसं हे. सहा फुटांची पट्टी असेल तर साडेसहा फुटी आणि सात फुटी माणूस, दोघांचीही नोंद 'सहा' अशीच. नंतर कुठल्याही सॉफ्टवेअरने त्यांच्यात फरक करता येणार नाही, फक्त अंदाज बांधता येतो.

नुसतं फाटलं असतं तरी आमचं भागलं असतं. माणसाचा कान फाटलेल्या आवाजातूनही शब्द बऱ्यापैकी काढतो. पण इथे तीन गोष्टी एकत्र आल्या: लाँग प्लेमुळे वरची पट्टी आधीच गेलेली, मुख्य आवाज कापलेला, आणि वाढवलेल्या गेनमुळे पंखे व घुमारा जवळजवळ त्याच उंचीला आलेले. शब्द त्यात बुडाले.

आणि ते महत्त्वाच्याच जागी का बुडाले, याचंही उत्तर यातच आहे. क्लिपिंग सहसा संथ वाक्यात होत नाही. माणूस आवाज चढवतो तो राग आला, भीती आठवली, हसू फुटलं तेव्हा. म्हणजे लेव्हल चुकली की भाषणातला सर्वांत जिवंत भाग पहिल्यांदा जातो. तारखा आणि सनावळी शाबूत राहतात, हाका जातात.

मग लेव्हल किती ठेवायची? नेहमीचं बोलणं उणे अठरा ते उणे बाराच्या आसपास, आणि सर्वांत मोठा आवाज उणे सहाच्या पुढे जाऊ नये. 'एवढं खाली? मग आवाज बारीक येईल ना?' येईल, पण तो घरी वाढवता येतो. १६ बिटच्या मुद्रणात सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान आवाजात सुमारे ९६ डेसिबलचं अंतर असतं. वरचे बारा मोकळे सोडले तरी ८४ उरतात. मे महिन्यातल्या पुण्याच्या सभागृहात पंखे आणि बाहेरचे हॉर्न त्याच्या खूप वर असतात. म्हणजे खाली ठेवून काही गमावत नाही. वर ठेवून मात्र सगळं गमावू शकतो. हलकं मुद्रण दुरुस्त होतं, फाटलेलं होत नाही. आजच्या बोलण्यातलं एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल, तर हे ठेवा.

यंत्रावर सोडावं का: एजीसी

'ऑटोमॅटिक गेन कंट्रोल' हे सेटिंग लेव्हल आपोआप वर-खाली करतं. नवख्याला हे वरदान वाटतं. शब्दांकन करणाऱ्याला विचारा. वक्ता दोन सेकंद थांबला की यंत्राला वाटतं आवाज कमी झाला. ते गेन चढवतं आणि पंखा भरभरू लागतो. टाळ्या पडल्या की ते गेन एकदम खाली ओढतं, आणि टाळ्यांनंतरचं पहिलं वाक्य खोल विहिरीतून आल्यासारखं येतं. विनोदानंतरचं वाक्य बहुधा कामाचं असतं आणि नेमकं तेच हरवतं.

म्हणून मीटरवर लक्ष ठेवणारा माणूस असेल तर एजीसी बंद. नसेल, यंत्र टेबलावर ठेवून लांब बसावं लागत असेल, तर फक्त फाटण्यापुरती लगाम घालणारी पायरी निवडा. रॉकबॉक्स नावाचं मुक्त सॉफ्टवेअर आहे. ते २००१ मध्ये आर्कोसच्या प्लेअरसाठी सुरू झालं आणि पुढे अनेक कंपन्यांच्या प्लेअरवर चालू लागलं. त्यात एजीसीच्या अशा वेगवेगळ्या पायऱ्या आहेत, त्यांतली पहिली 'सेफ्टी' म्हणजे फक्त क्लिपिंग झालं तर लेव्हल खाली घेणारी. सभागृहासाठी ती चालते.

छोटी पण उपयोगी सेटिंग्ज

लो-कट: असेल तर ८० हर्ट्झला लावा. बोलण्यात त्याखाली कामाचं फारसं काही नसतं. रस्त्यावरच्या बसची घरघर आणि टेबलाचे धक्के मात्र तिथे असतात. आपल्या विजेची ५० हर्ट्झची गुणगुणही त्यात मंदावते.

प्री-रेकॉर्ड: बटण दाबण्याच्या आधीचे काही सेकंदही यंत्र धरून ठेवतं. रॉकबॉक्समध्ये ही सोय तीस सेकंदांपर्यंत मिळते. 'अध्यक्ष महाराज' हे पहिले शब्द वाचतात.

फाईल स्प्लिट: दर तासाला नवी फाईल. मधेच बॅटरी गेली तर चालू फाईल अर्धवट राहू शकते, आधीच्या मात्र सुरक्षित राहतात.

घड्याळ: तारीख-वेळ लावून ठेवा. पाच वर्षांनी फाईलवर १९८० सालची तारीख दिसली, तर कार्यक्रम कुठला ते कोण सांगणार?

होल्ड: मुद्रण सुरू झालं की बटणं बंद करणारी कळ सरकवा. खिशातल्या किल्लीने मुद्रण थांबवल्याच्या कथा आमच्याकडेही आहेत.

मोबाईल वापरत असाल तर एअरप्लेन मोड. हे सांगायला नको, तरी सांगतो.

सभागृहात गेल्यावरचा क्रम

१. वक्त्यांची आणि आयोजकांची परवानगी घ्या. ध्वनिमुद्रण कशासाठी, ते सांगा.
२. बॅटरी पूर्ण, कार्डावर जागा मोकळी, हे घरूनच बघून निघा.
३. सोर्स, ४४,१०० हर्ट्झ, मोनो, वेव्ह, एजीसी बंद. मेनू उघडून एकदा डोळ्यांनी बघा. कालचं सेटिंग आज असेलच असं धरू नका.
४. एक मिनिट मुद्रण करून हेडफोनवर ऐका. मीटर हलतं म्हणजे आवाज येतो आहे एवढंच कळतं. तो कसा येतो आहे, ते कानच सांगतो.
५. प्रास्ताविकावर लेव्हल ठरवू नका. ठरवलीच तर वक्ता उभा राहिल्यावर पहिली दोन मिनिटं नजर मीटरवर ठेवा.
६. दुसरं यंत्र, साधा मोबाईल का असेना, वेगळ्या जागी आणि कमी लेव्हलवर चालू ठेवा.
७. घरी आल्यावर झोपण्याआधी मूळ फाईलच्या दोन प्रती, दोन ठिकाणी.

हे सगळं कशासाठी

कोणी म्हणेल, शेवटी तुम्ही लिहूनच देता, मग आवाजाचा एवढा अट्टहास का? याला पुण्यातलंच एक उदाहरण आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी सहकाऱ्यांसह गावोगावच्या बायकांच्या जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, एक लाखाहून जास्त. हे काम बरंचसं कागदावरचं. नव्वदच्या दशकात बर्नार्ड बेल त्यात आले आणि शंभराहून अधिक तासांचं ध्वनिमुद्रण झालं. आज त्या ओव्या वाचता येतात आणि त्यांतल्या काही ऐकताही येतात. ज्या ऐकता येतात, त्यांत जात्याची घरघर आहे, ओळ संपताना घेतलेला श्वास आहे, दुसऱ्या बाईने मिसळलेला सूर आहे. कागदावर यातलं काही उतरत नाही.

आता पुन्हा आमच्या बाईंकडे. चौदा मोकळ्या जागांचा कागद घेऊन आम्ही त्यांच्या घरी गेलो. चूक सांगितली. त्या रागावल्या नाहीत. चष्मा लावून त्यांनी एकेक वाक्य वाचलं आणि मागच्या-पुढच्या शब्दांवरून नऊ जागा भरून दिल्या. दहाव्या जागी थांबल्या. म्हणाल्या, "इथे मी काय बोलले, ते मला आता आठवत नाही. त्या वेळी ते आपोआप आलं होतं."

पाच जागा आम्ही तशाच ठेवल्या आहेत. अंदाजाने भरणं शक्य होतं, पण मग ते बाईंचं व्याख्यान राहिलं नसतं. जिथे '(ध्वनी अस्पष्ट)' दिसेल, तिथे बाई बोलल्या होत्या, आम्हाला ते धरता आलं नाही, असं समजून वाचा. आणि तुमच्या घरात सांगण्यासारखं कोणी असेल, तर या रविवारी एक मिनिटाची चाचणी तरी करून बघा.